ओमालचा ड्यूक: तलवार, हद्दपारी आणि शाँतिलीचं दानपत्र

मुठाकाठचा

नेपोलियन सोडला तर एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच राजघराण्यांत आपल्याकडे फारसा कुणाला रस नसतो. साहजिक आहे. राजे येत होते, पळत होते, परत येत होते, आणि नावं सगळ्यांची लुई नाहीतर फिलिप. पण त्या गर्दीतल्या एका माणसावर स्वतंत्र धागा काढावा असं बरेच दिवस मनात होतं. आँरी द'ऑर्लेआँ, म्हणजे ओमालचा ड्यूक (१८२२–१८९७). एकविसाव्या वर्षी देशभर नाव, पंचविसाव्या वर्षी अल्जीरियाचा गव्हर्नर जनरल, सव्विसाव्या वर्षी हद्दपार. पुढे प्रजासत्ताकाने त्याला एकदा परत घेतलं, पुन्हा हाकललं, आणि हाकलल्यावर त्याने आपली सगळ्यांत मौल्यवान वस्तू त्याच देशाला देऊन टाकली.

आधी घराणं. आजोबा 'फिलिप इगालिते' यांनी राज्यक्रांतीत सख्ख्या भावकीतल्या सोळाव्या लुईच्या मृत्युदंडाच्या बाजूने मत दिलं आणि काही महिन्यांत स्वतःच गिलोटीनखाली गेले. वडील लुई-फिलिप १८३० च्या क्रांतीनंतर गादीवर बसले. आपला आँरी त्यांचा पाचवा मुलगा, म्हणजे गादी मिळण्याची शक्यता जवळजवळ शून्य. पण पैशाच्या बाबतीत तो भावंडांत सगळ्यांत नशीबवान निघाला. काँदे घराण्याचा शेवटचा म्हातारा राजपुत्र त्याचा धर्मपिता होता. त्याच्या एकुलत्या एका मुलाला नेपोलियनने १८०४ मध्ये व्हँसेनच्या किल्ल्याच्या खंदकात गोळ्या घालून मारलं होतं. वारस नाही, म्हणून मृत्युपत्रात हा पोरगा. आठ वर्षांचा असताना शाँतिलीसकट (पॅरिसजवळचा काँदे घराण्याचा वाडा आणि जंगल) फ्रान्समधल्या सर्वांत मोठ्या खाजगी संपत्तींपैकी एक त्याच्या नावावर झाली.

राजवाड्यात शिक्षक ठेवून शिकवण्याऐवजी लुई-फिलिपने मुलांना चक्क शाळेत घातलं, कोलेज आँरी कात्रमध्ये, वकील-व्यापाऱ्यांच्या पोरांबरोबर. तिथून आँरी थेट सैन्यात आला आणि १८४० मध्ये अल्जीरियाला गेला. १८४१ मध्ये तो आपली १७ वी हलकी पायदळ रेजिमेंट घेऊन पॅरिसमध्ये शिरत असताना केनिसे नावाच्या एका कामगाराने त्याच्यावर गोळी झाडली. ती लागली दुसऱ्याच अधिकाऱ्याच्या घोड्याला.

मग १६ मे १८४३, अल्जीरियातली तागिनची लढाई. अमीर अब्द अल-कादिर फ्रेंचांशी दशकभर लढत होता. त्याचे किल्ले आणि गावं एकेक करून फ्रेंचांनी घेतली, तेव्हा त्याने राजधानीच चालती केली. तिला म्हणत स्माला. राहुट्यांची वर्तुळात वर्तुळं, मधोमध अमीराचं कुटुंब, भोवती सरदार, कारागीर, व्यापारी, गुरंढोरं, खजिना आणि ग्रंथालय. माणसं किती, याचे अंदाज वीस हजारांपासून साठ हजारांपर्यंत जातात. हे शहर आज इथे, उद्या तिथे.

ओमाल तिच्या मागावर होता. पायदळ मागे पडलं होतं, पाण्यासाठी झऱ्याकडे वळावं तर समोर अख्खी स्माला तळ टाकत असलेली. त्याच्याजवळ पाचशे-सहाशे स्वार. बरोबरचा स्थानिक आगा (फ्रेंचांच्या बाजूचा सरदार) विनवत होता की पायदळ येईपर्यंत थांबा. थांबलं असतं तर समोरच्यांनी एकतर पळ काढला असता, नाहीतर या मूठभर लोकांना घेरलं असतं. ओमालने हल्ल्याचा हुकूम दिला. एका बाजूने युसुफचे स्पाही (स्थानिक घोडेस्वार), दुसरीकडून मॉरिसचे शास्यूर (फ्रेंच हलके घोडेस्वार). तळावर निम्म्या राहुट्या अजून उभ्याही राहिल्या नव्हत्या. तासा-दोन तासांत तीन हजारांच्या आसपास कैदी हाती लागले. फ्रेंचांचे मेले नऊ. अमीर स्वतः तिथे नव्हता, त्याची आई आणि बायको निसटल्या.

पुढचं थोडक्यात: १८४४ मध्ये नेपल्सच्या राजकन्येशी लग्न, १८४७ मध्ये बुजोच्या जागी अल्जीरियाचा गव्हर्नर जनरल, त्याच डिसेंबरात अब्द अल-कादिर शरण. आणि दोनच महिन्यांनी, २४ फेब्रुवारी १८४८ ला पॅरिसमध्ये बापाची गादी गेली.

इथे मला हा माणूस खरा आवडायला लागतो. अल्जीयर्समध्ये त्याच्या हाताखाली फ्रान्सचं सगळ्यांत मुरलेलं सैन्य होतं आणि सोबत नौदलात वजन असलेला भाऊ जॉइन्व्हिल. जहाजं घेऊन तुलाँला उतरला असता तर काय झालं असतं ते सांगता येत नाही, पण रक्त सांडलं असतं हे नक्की. त्याने सैन्याला शांत राहायला सांगितलं, कारभार जनरल काव्हेन्याककडे सोपवला आणि ३ मार्चला बायकोमुलांसह बोटीत बसून निघून गेला. परत यायला तेवीस वर्षं लागली.

ही वर्षं इंग्लंडात, ट्विकनहॅमला थेम्सच्या काठी गेली. पुस्तकं, चित्रं, हस्तलिखितं जमवणं आणि काँदे घराण्याचा इतिहास लिहिणं. त्या इतिहासाचे पहिले खंड पॅरिसमध्ये छापून झाले तर तिसऱ्या नेपोलियनच्या पोलिसांनी १८६३ मध्ये जप्त केले. कोर्टबाजी होऊन ते १८६९ मध्ये सुटले. १८५६ मध्ये जिनोव्हाजवळ एका मुलींच्या शाळेत ठेवलेलं एक जुनं हस्तलिखित त्याने पाहिलं आणि विकत घेतलं. तेच आज 'त्रे रिश अर' म्हणून जगप्रसिद्ध आहे: लिंबूर्ग बंधूंनी पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला बेरीच्या ड्यूकसाठी चितारलेली प्रार्थनापोथी. बारा महिन्यांची ती चित्रं, निळ्याशार आकाशाखाली नांगरणारा शेतकरी आणि मागे किल्ला, तुम्ही कुठल्या ना कुठल्या कॅलेंडरवर पाहिलेली असणार.

घरात मात्र एकेक दिवा विझत गेला. थोरला मुलगा, काँदेचा प्रिन्स, जगप्रवासाला निघाला आणि १८६६ मध्ये सिडनीला विषमज्वराने गेला, वय वीस. १८६९ मध्ये बायको. हद्दपारी उठल्यावर धाकटा मुलगा, गीझचा ड्यूक, पॅरिसला आला आणि १८७२ मध्ये तोही अठराव्या वर्षी गेला. बाकीची मुलं तान्हेपणीच गेली होती. १८७५ मध्ये ओमालने शाँतिलीचा क्रांतीनंतर पाडलेला मोठा वाडा पुन्हा बांधायला काढला, तेव्हा त्यात राहणारं मागे कुणी नव्हतं.

१८७३ ची बाझेनवरची कोर्ट मार्शल, १८८६ ची दुसरी हद्दपारी आणि दानपत्र यावर प्रतिसादांत बोलू. पोस्ट आधीच लांबलीय.

---

सांजवेळ

वाचतेय. त्या काँदेच्या म्हाताऱ्याबद्दल अजून सांगा ना. वारस म्हणून आठ वर्षांचं पोर, आणि म्हातारा लगेच वारला? वास येतोय.

---

मुठाकाठचा

सांजवेळ, तुमचं नाक बरोबर आहे. ऑगस्ट १८३० मध्ये, म्हणजे लुई-फिलिप गादीवर बसून तीन आठवडेही झाले नव्हते, म्हातारा सँ-ल्यूच्या वाड्यात खिडकीच्या कडीला रुमालांच्या फासात लटकलेला सापडला. पाय जमिनीला टेकत होते. त्याची रखेल सोफी डॉस, इंग्लंडच्या आइल ऑफ वाइट बेटावरच्या कोळ्याची मुलगी, पुढे बॅरोनेस द फ्यूशेर. मृत्युपत्र तिनेच आदल्या वर्षी करवून घेतलं होतं. तिला वीस लाख फ्रँक आणि काही वाडे, उरलेलं ओमालला. राजाचं कुटुंब आपल्या बाजूला असलं की आपला वाटाही सुरक्षित, हा तिचा हिशोब. चौकशीत आत्महत्या ठरली. काँदेच्या नात्यातल्या रोहान घराण्याने मृत्युपत्राला कोर्टात आव्हान दिलं आणि ते हरले. पॅरिसने मात्र खून झाला असंच धरलं. पोराचा यात काय दोष, पण शाँतिलीवर हा डाग होताच.

---

खडूस_काका

लेख चांगला, पण 'लढाई' हा शब्द तागिनसाठी जरा जपून वापरा. पुरुष लढवय्ये बरेचसे अमीराबरोबर बाहेर, तळावर बायका, पोरं, म्हातारे, उंट, बकऱ्या. तीन हजार कैद्यांत सैनिक किती असतील? ओरास व्हर्नेचं व्हर्सायमधलं चित्र बघा, २१ मीटरपेक्षा जास्त लांब. राजाने मुद्दाम काढवून घेतलेलं. त्यातसुद्धा कोसळणारे तंबू, सैरावैरा पळणाऱ्या बायका आणि बुजलेली गुरं हीच दिसतात. प्रचाराच्या चित्रातही जे लपवता आलं नाही ते आपण का झाकायचं?

शिवाय अब्द अल-कादिर १८४७ मध्ये शरण आला तो एका शब्दावर: मला आणि माझ्या माणसांना अलेक्झांड्रिया किंवा अक्काला जाऊ द्या. फ्रेंच जनरल लामोरिसिएरने शब्द दिला, तुमच्या ड्यूकने त्यावर शिक्कामोर्तब केलं. अमीराने आपला घोडा त्याला दिला. आणि पाठवलं कुठे? तुलाँ, पो, आँब्वाझ. जवळजवळ पाच वर्षं कैद.

---

मुठाकाठचा

काका, शब्द मोडला हे सोळा आणे खरं. पण मोडला तो पॅरिसने. ओमाल तोवर स्वतःच हद्दपार होता, त्याच्या शब्दाची किंमत दोन महिन्यांत शून्य झाली होती. गंमत म्हणजे अमीराला १८५२ मध्ये सोडलं ते लुई-नेपोलियनने, म्हणजे पुढच्या तिसऱ्या नेपोलियनने, ज्याने त्याच वर्षी जानेवारीत ऑर्लेआँ घराण्याच्या मालमत्तेवर टाच आणली.

तागिनबद्दल: सैनिकी दृष्टीने निर्णय धाडसाचा होता, इतकंच माझं म्हणणं. नैतिकदृष्ट्या तुमचं पारडं जड आहे. त्यात मला सगळ्यांत टोचते ती वेगळीच गोष्ट. अमीर विद्वान माणूस, वर्षानुवर्षं जमवलेली हस्तलिखितं त्याच्या तळावर होती. ती त्या दिवशी लुटली गेली, फाटली, विखुरली. आणि ज्याच्या हुकमाने हे झालं तो पुढे युरोपातल्या सर्वांत मोठ्या ग्रंथसंग्राहकांपैकी एक झाला. स्मालातली काही अरबी हस्तलिखितं आज शाँतिलीच्याच कपाटात आहेत.

---

तोफखाना

बाझेन प्रकरण मी लिहितो, माझा आवडता विषय.

१८७० मध्ये मार्शल बाझेन मेट्झमध्ये अडकला आणि २७ ऑक्टोबरला पावणेदोन लाखांच्या आसपास फौजेसकट जर्मनांना शरण गेला. फ्रान्सचं शेवटचं शाबूत सैन्य होतं ते. युद्धानंतर त्याच्यावर खटला भरायचा तर न्यायाधीश कोण? बरेचसे वरिष्ठ सेनानी त्याच्यासोबत किंवा त्याच्याच हाताखाली लढलेले. ओमाल त्या युद्धात नव्हताच. त्याने सेवा देऊ केली होती, ती नाकारली गेली. (त्याचा पुतण्या शार्त्रचा ड्यूक मात्र 'रॉबेर ल फॉर' हे खोटं नाव घेऊन लढून आला.) म्हणून अध्यक्षपद ओमालकडे.

६ ऑक्टोबर ते १० डिसेंबर १८७३, व्हर्सायच्या ग्रँड त्रियानोंमध्ये खटला. बाझेनचा बचाव असा की सम्राट कैदेत, पॅरिसमध्ये बंडखोरांचं सरकार, मग मी इमान कुणाशी ठेवायचं? काही उरलंच नव्हतं. त्यावर अध्यक्षांनी एका वाक्यात सुनावलं की फ्रान्स तर होता! हे वाक्य पुढे शाळेच्या पुस्तकांत गेलं. एका राजपुत्राने म्हणावं, सरकारं येतील-जातील, देश असतो. ज्याच्या बापाची गादी गेली त्याच्या तोंडी ते शोभतंही.

मृत्युदंड एकमताने. आणि लगेच त्याच न्यायाधीशांनी दयेचा अर्ज लिहिला. राष्ट्राध्यक्ष मॅकमाहोनने वीस वर्षांची कैद केली. बाझेन पुढच्याच ऑगस्टमध्ये सँत-मार्गरीत बेटावरून निसटला आणि माद्रिदला मेला.

ओमालला या खटल्यानंतर बेझाँसाँची ७ वी कोअर (सैन्याचा मोठा विभाग) मिळाली, जर्मन सीमेवरची. १८७९ पर्यंत तिथे होता. त्याच्या हाताखाली एक कर्नल होता, बूलांझे नावाचा. हा बूलांझे १८८० मध्ये ब्रिगेडियर झाला तेव्हा त्याने ओमालला पत्र लिहिलं, इतकं लाडीगोडीचं की पुन्हा तुमच्या हुकमाखाली येईन तो दिवस धन्य. सहा वर्षांनी तोच युद्धमंत्री झाला आणि राजपुत्रांना हद्दपार करणाऱ्या १८८६ च्या कायद्यानंतर ओमालचं नाव सैन्याच्या यादीतून त्यानेच खोडलं. 'अशी पत्रं मी लिहिलीच नाहीत,' म्हणाला. मग पत्रं छापून आली.

---

सांजवेळ

अगागा! बूलांझेचा हा किस्सा माहीतच नव्हता. आपल्याकडचे पक्षबदलू बरे म्हणायचे.

---

पॅरिसकर

शाँतिलीबद्दल थोडं, कारण मी तिथून फार लांब राहत नाही. गार द्यू नॉरवरून गाडी पकडली की अर्ध्या तासात पोचता. स्टेशनवरून जंगलाच्या कडेने चालत गेलात तर आधी घोड्यांच्या शर्यतीचं मैदान लागतं, मग ते अवाढव्य तबेले. पहिल्यांदा येणारा हमखास तबेल्यालाच राजवाडा समजतो.

आतलं चित्रदालन बघून आजच्या म्युझियमची सवय असलेला माणूस गोंधळतो. भिंतीवर चित्राला चित्र लागून, खाली-वर तीन-तीन ओळी. कुठल्या शतकाचं काय, कुठल्या देशाचं काय, काही क्रम नाही. ड्यूकला जसं आवडलं तसं. आणि ते तसंच ठेवायचं, ही दानपत्रातली अट. मांडणी बदलायची नाही, एकही वस्तू बाहेर उसनी द्यायची नाही. 'सांक्त्युआर' म्हणून एक छोटी खोली आहे. तिथे राफाएलच्या 'तीन ग्रेसेस'समोर उभी राहिले तेव्हा मी शेजारच्या बाईंना विचारलं की मूळ चित्र कुठेय, ही प्रतिकृती ना? मूळच होतं. साधारण १७ सेंटिमीटर बाय १७, तळहात पसरला तर झाकलं जाईल. ड्यूकने १८८५ मध्ये एवढ्याशा फळीला सहा लाख फ्रँक मोजले. त्याच खोलीत झाँ फूकेची चाळीस पानं आहेत, म्हातारपणी फ्रँकफर्टहून विकत आणलेली.

'त्रे रिश अर' एरवी बघायला मिळत नाही. २०२५ मध्ये डागडुजीच्या निमित्ताने महिन्यांची पानं सुटी मांडली होती. रांग तबेल्यापर्यंत.

अवांतर: शाँतिली क्रीम मिळते, खाल्ली, गोड फेसाळ साय. व्हातेल नावाच्या कारभाऱ्याने ती शोधली ही थाप आहे. त्या बिचाऱ्याने १६७१ मध्ये चौदाव्या लुईच्या मेजवानीला मासे वेळेवर आले नाहीत म्हणून इथे जीव दिला, एवढं खरं.

---

तागडी

धागा उत्तम. पण दानशूरपणाचं कौतुक करताना कागदांच्या तारखा बघा. पेशाने हिशोबनीस आहे, सवय जात नाही.

१८५२: घराण्याची मालमत्ता जप्त, ओमालच्या जमिनी सक्तीने विकायला लावल्या. शाँतिली वाचवायला ती एका इंग्लिश बँकेच्या नावावर करावी लागली होती. १८८३: राजपुत्रांना सैन्याच्या सक्रिय सेवेतून दूर केलं. १८८४: मृत्युपत्र, शाँतिली अँस्तित्यू द फ्रान्सला (विद्वानांची राष्ट्रीय संस्था). जून १८८६: हद्दपारीचा कायदा. ऑक्टोबर १८८६: मृत्युपत्राची वाट न बघता थेट दानपत्र, पण हयातीत उपभोगाचा हक्क स्वतःकडे.

म्हणजे ज्याला एकदा चटका बसलाय असा माणूस दुसऱ्यांदा जप्ती येण्याआधी मालमत्ता अशा संस्थेच्या नावावर करतो की सरकारला हात लावता येणार नाही. वर स्वतः राहतोही तिथेच. व्यवहार म्हणून अफलातून. त्याग म्हणू नका.

---

मुठाकाठचा

तागडी, तारखा अचूक. पण तुमच्याच यादीत माझं उत्तर आहे. मृत्युपत्र १८८४ चं, हद्दपारीच्या दोन वर्षं आधीचं. वारस नसलेल्या माणसाने पुतण्यांना डावलून वाडा, जंगल, चित्रं, पोथ्या सगळं विद्वानांच्या संस्थेला द्यायचं ठरवलं होतं, तेव्हा डोक्यावर तलवार नव्हती. १८८६ मध्ये त्याने फक्त घाई केली.

आणि तो काही गरीब गाय नव्हता. यादीतून नाव खोडल्यावर राष्ट्राध्यक्ष ग्रेव्हींना त्याने खरमरीत पत्र लिहिलं: सैनिकी हुद्दे तुमच्या हाताबाहेरचे आहेत, मी जनरल आँरी द'ऑर्लेआँच राहणार. दोन दिवसांत देशाबाहेर काढलं. ब्रसेल्स, मग पुन्हा इंग्लंड. हाकललेला माणूस ऑक्टोबरात दान करतो म्हटल्यावर सरकारची पंचाईतच झाली. १८८९ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्नो यांनी बंदी उठवली आणि तो शाँतिलीला परतला.

---

तागडी

पुतण्यांना डावललं हा मुद्दा मान्य. पंचाईत झाली हेही मान्य, आणि ती होणार हे त्याला ठाऊक होतं असं मी धरतो.

---

कोथरूडची_मैना

रच्याकने, हे शाँतिली नाव आगाखानांच्या संदर्भात ऐकलं होतं. आपल्या पुण्याच्या आगाखान पॅलेसवालेच ना?

---

पॅरिसकर

हो, तेच घराणं. पुण्याचा पॅलेस तिसऱ्या आगाखानांनी बांधला, चौथ्यांनी १९६९ मध्ये भारताला दिला. ते चौथे आगाखान इथे शाँतिलीजवळच राहायचे, घोड्यांच्या शर्यतींचे मोठे शौकीन. मोडकळीला आलेलं मैदान, तबेले आणि वाडा सावरायला २००५ पासून त्यांच्या पुढाकाराने प्रतिष्ठान उभं राहिलं.

---

सांजवेळ

आणि शेवट? कसा गेला?

---

मुठाकाठचा

सिसिलीत, झुक्को नावाच्या आपल्या द्राक्षमळ्यावर. ४ मे १८९७ ला पॅरिसमध्ये एका धर्मादाय बाजारात सिनेमाच्या यंत्राच्या दिव्यामुळे आग लागली, सव्वाशेच्या आसपास माणसं, बहुतेक बायका, जळून मेल्या. त्यात त्याची पुतणसून, आलाँसाँची डचेस, ऑस्ट्रियाच्या सम्राज्ञी एलिझाबेथची सख्खी बहीण. ती आधी इतरांना बाहेर काढा म्हणत मागे राहिली असं सांगतात. बातमी झुक्कोला पोचली आणि ७ मेला ओमालचं हृदय बंद पडलं. पुढच्या एप्रिलमध्ये म्युझियम लोकांसाठी उघडलं.

---

खडूस_काका

सगळं वाचलं. दान खरं की हिशोबी यात मला रस नाही, दोन्ही असू शकतं. माझा प्रश्न त्या अटीचा आहे. 'इथून काहीही बाहेर जाणार नाही.' राफाएल त्याने पैसे मोजून घेतला होता, बेरीची पोथीही. त्यांना ही अट लावायचा त्याला पूर्ण अधिकार. पण तागिनच्या तळावरून उचललेली अब्द अल-कादिरची हस्तलिखितं? ती त्याची होतीच कधी? दुसऱ्याची पुस्तकं आपल्या दानपत्रात घालून वर कायमचं कुलूप लावायचं, आणि आपण इथे त्याला ग्रंथप्रेमी म्हणायचं.

---

पॅरिसकर

काका, यावर वेगळा धागा काढा. पुढच्या वेळी गेले की ग्रंथालयात विचारून बघते, ती हस्तलिखितं बाहेरच्या अभ्यासकाला बघायला मिळतात का.